मंडपवाल्या काकांना, त्या एका प्रश्नासाठी

काका, नमस्कार.

तुमच्या मुलाने मोबाईलवर दाखवलं तरच हे तुमच्यापर्यंत पोचेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. १६ डिसेंबरला, लक्ष्मीकांत बेर्डेंच्या स्मृतिदिनाला, आम्ही आठ जण मिरजेत आमच्या जुन्या बोळात 'झपाटलेला' बघायला जमलो होतो, तुम्ही पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन आला होतात, आठवत असेल.

हा पिक्चर १९९३चा, पण आम्ही बघितला तो दोन-तीन वर्षांनी, गणपतीत, त्याच बोळात. पुढे मोठी माणसं सतरंज्या टाकून बसायची म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे. मागनं सगळं उलटं, नावं उलटी, लक्ष्या डावखुरा. तात्या विंचूला, म्हणजे त्यातल्या जिवंत होणाऱ्या बाहुल्याला, आम्ही जितके घाबरलो तितके आयुष्यात कशालाच नाही, घरातली बाहुली रात्री कपाटात कुलूप लावून ठेवायचो. रामदास पाध्येंचा तो बाहुला आहे आणि माणूस तात्या म्हणजे दिलीप प्रभावळकर, हे सगळं खूप नंतर कळलं.

आमच्यातल्या एकाचा दोन वर्षांपूर्वी अपघात झाला, तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. हा पिक्चर पुन्हा सगळ्यांनी मिळून बघायचा ही त्याचीच इच्छा. आधी आम्ही एक हॉल बघायला गेलो होतो, त्यालाही घेऊन. तिथला माणूस त्याच्या डोक्यावरून आमच्याशी बोलत होता. "यांना दाराशी ठेवा, मधे अडचण होते." ठेवा! तो समोर बसलाय, ऐकतोय, त्याला शिफ्टिंगचं कपाट असल्यासारखं ठेवा. दुसऱ्या ठिकाणी तर फोनवरच, रिस्क नको साहेब. तो काहीच बोलला नाही, नुसता म्हणाला राहू दे, घरी लॅपटॉपवर बघू. त्या दिवशीचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो आणि अजून राग येतो.

आणि खरं सांगायचं तर आम्हीही काही वेगळं केलं नव्हतं. याला काय झेपेल, हा कुठे बसेल, कधी घरी जाईल, दोन वर्षं सगळं आम्हीच ठरवत होतो, प्रेमापोटीच, पण त्याला न विचारता.

तुम्ही आलात, बांबू उतरवले, सुतळी सोडता सोडता सरळ त्याच्यापुढे येऊन उकिडवे बसलात, म्हणजे तुमची नजर त्याच्या नजरेला आली, आणि म्हणालात, "मालक, तुम्हाला कुठं बसायचंय? तसा पडदा बांधतो."

एवढंच. आम्ही सगळे गप्प. तो पण थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "काका, पडद्याच्या मागं."

तुम्ही हसला नाहीत, का म्हणून विचारलं नाहीत. "साधं कापड आहे, मागनं दिसतंय की. सरळ करून देऊ का, मशीनमध्ये सेटिंग आहे." तो म्हणाला, नको, उलटंच पाहिजे. मग तुम्ही भिंतीजवळ रोवलेले बांबू काढून सात-आठ फूट पुढे आणलेत, आणि मागे जायला मधे गटार, तर टेम्पोतली फळी आणून टाकलीत, आधी स्वतः तिच्यावर दोनदा उभे राहून बघितलंत. खुर्ची ढकलायला मी हात पुढे केला तर तुम्ही त्यालाच विचारलंत, ढकलू का तुम्ही येताय? तो स्वतः आला.

लोक माणुसकी म्हणजे काहीतरी मोठं समजतात, देणगी, सत्कार, फोटो. समोरच्या माणसाला त्याचंच मत विचारायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, तरी किती जणांना जमतं? शिकल्यासवरल्या आम्हा सात जणांना दोन वर्षं जमलं नाही.

मग आम्ही आठही जण पडद्याच्या मागे, थंडीत, शाली घेऊन. उलटी नावं सुरू झाली तेव्हा सगळे इतके ओरडलो की वरच्या खिडक्या उघडल्या. शेवटी तात्याला भुवयांच्या मधे गोळी लागेपर्यंत कुणी हललं नाही. पण मधे एक जागा आहे काका, बाहुला जिवंत आहे म्हणून लक्ष्या जीव तोडून सांगतोय आणि त्याचं कुणी ऐकतच नाही, लहानपणी आम्ही तिथे हसायचो. या वेळी तो हळूच म्हणाला, "ह्याचं कुणी ऐकत का नाही रे." कुणाला उत्तर देता आलं नाही. मी त्याचा हात धरला, त्याने सोडवला नाही.

परतताना तो घरी जायचं म्हणाला नाही, चहाला चला म्हणाला, आणि कुठे ते त्यानेच सांगितलं.

तुमची फळी तिथेच राहिली आहे. मी परवा बघितली, गटारीवर तशीच आहे. इतक्यात नेऊ नका काका, तो रविवारी परत येतो म्हणालाय.