सुडोकू रचण्यासही जागा द्यावी

माननीय संपादक,

आपल्या दैनिकातील सुडोकू नियमित सोडवणाऱ्या वाचकांना ते रचण्याची पद्धतही पुरवणीतून समजावून द्यावी, अशी विनंती आहे. प्रथम ८१ चौकटी नियमाप्रमाणे भरून मग एकेक अंक पुसत जायचा आणि दर वेळी उत्तर एकच निघते ना, हे तपासायचे, एवढीच ती रीत आहे. पण खरी गंमत तपासण्यात आहे. उदाहरणार्थ, दोनच पेट्यांत (तीन बाय तीनच्या गटांत) मावणाऱ्या आयताच्या चार कोपऱ्यांवर ४ आणि ७ आलटून पालटून आले असतील, तर त्यांपैकी किमान एक अंक राखावाच लागतो, अन्यथा दोन उत्तरे संभवतात. १७ पेक्षा कमी अंक दिल्यास एकमेव उत्तर मिळूच शकत नाही, असे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवले. मात्र कमी अंक म्हणजे अवघड कोडे, हा समज चुकीचा आहे, कारण काठिण्य ठरते ते पुढची चौकट भरण्यासाठी लागणाऱ्या तर्कावरून. नवशिक्यांनी चार बाय चारच्या जाळीपासून आरंभ करावा. तिथे चार अंकही पुरतात. वाचकांनी रचलेली निवडक कोडी आपण तपासून छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक