बाग ताणावर असताना या

माद्रिद

ती. आण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आण्णांनी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे. एप्रिलची तुमची दोघांची तिकिटं मी काढली. आधी माझ्याकडे माद्रिदला, मग चार दिवस दक्षिणेकडचं ग्रानादा शहर. विचारलं नाही, हे चुकलंच. पण विचारण्यातच तीन वर्षं गेली. एकदा बहार होता, एकदा डाळिंबावर तेल्या रोग आला, मग आण्णांचा दवाखाना. तेव्हा मी पोचले ती डिस्चार्जच्या दिवशी. आई तेव्हा काही बोलली नाहीस, ते अजून मनातून जात नाही.

एप्रिल मुद्दाम धरला. मृगाचा माल निघालेला असतो आणि बाग ताणावर असते. पाणी तोडलेलंच असतं, मग रोज सकाळी जाऊन बघायचं काय? दादाशी बोलले आहे, तो आठवड्यातून दोनदा चक्कर मारेल. पैशाचा विषय काढू नका, ते मी वेगळे ठेवले होते. आई, चैत्री वारी चुकेल याची मात्र मला टोचणी आहे. उपवासाचं सगळं इथे करून देईन.

आता ग्रानादाच का? आण्णा, स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. गावाच्या चिन्हात डाळिंब, फुटपाथकडेच्या खांबांच्या टोकांवरसुद्धा डाळिंब. २ जानेवारी १४९२ ला इथल्या शेवटच्या सुलतानाने हे शहर इसाबेल राणी आणि फर्नांदो राजाच्या स्वाधीन केलं, आणि त्यानंतर त्यांच्या राजचिन्हात डाळिंब आलं. ते वाचलं तेव्हा आपल्या डाळिंबाच्या बागेचा बांधावरचा हद्दीचा दगड डोळ्यांसमोर आला आणि मी तिथल्या तिथे ठरवलं.

गेल्या महिन्यात मी एकटी जाऊन सगळं चालून आले. बाकडी कुठे, सावली कुठे, बाथरूम कुठे, सगळं वहीत टिपलं आहे. अल्हाम्ब्रा म्हणजे त्या सुलतानांचा किल्ला आणि महाल. त्याच्या टेकडीवर छोटी बस जाते, चढ चढायचा नाही. आतल्या नासरी महालांत (नासरी हे त्या सुलतानांचं घराणं) ठरलेल्या वेळेलाच सोडतात, म्हणून सकाळची वेळ घेतली. तिकिटं तुमच्या नावावर आहेत, पासपोर्ट बघतात. सिंहांच्या चौकात १२ संगमरवरी सिंह कारंजं पाठीवर घेऊन उभे आहेत, भोवती १२४ बारीक खांब. आई, भिंतींवरच्या फरशा बघून तू नक्की ठिपके मोजायला लागशील. मोज, मी घाई करणार नाही.

पण आण्णा, तुमच्यासाठी खरं बघायचं आहे ते पाणी. तेराव्या शतकात नासरी सुलतानांनी दार्रो नदीचं पाणी सुमारे सहा किलोमीटरवरून डोंगराच्या कडेकडेने पाटाने या टेकडीवर आणलं. मोटार नाही, इंजिन नाही, नुसता उतार साधलेला. हेनेरालिफे या सुलतानांच्या उन्हाळी महालाच्या बागेत तो पाट मधोमध वाहतो, दोन्ही बाजूंनी कारंजी. वरच्या अंगाला एक जिना आहे, त्याच्या कठड्यावरच पन्हळ कोरून पाणी सोडलं आहे. मी हात घातला आणि मोटारीला रात्री येणारी लाईट आठवली. तुम्ही पाण्याची दारं धरायचा, मी बॅटरी धरून बांधावर. पाणी सरीत शिरलं की "आलं गं, आलं" म्हणायचा. मला झोप आली की खांद्यावर टाकून घरी आणायचा, चिखलाच्या पायांनी, आणि आई ओरडायची. तिथे एक बाई मला पाणी हवंय का विचारायला लागली, इतकी मी रडत होते.

अल्काझाबा म्हणजे अल्हाम्ब्रातला जुना किल्ला, त्याचा उंच बुरूज मी यादीतून काढला आहे. तुम्हाला झेपणार नाही म्हणून नाही, वर सावलीच नाही. त्या पाण्याच्या जिन्याचासुद्धा पहिला टप्पाच चढू. आल्बायसिन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत गोट्यांची फरसबंदी आहे, गुडघ्याला वाईट. तिथे बसने जाऊ आणि संध्याकाळी सान निकोलासच्या कट्ट्यावर बसू. समोर अल्हाम्ब्रा, मागे सिएरा नेवादा डोंगरांवरचा बर्फ. बसून राहायचं, दुसरं काही नाही.

घराला लिफ्ट आहे, स्वयंपाकघर आहे. आंघोळीची बादली-मग मी विकत आणून ठेवले आहेत. चहा सकाळी सहालाच मिळेल. भाकरीचं पीठ दोन किलो आणा, तवा आहे.

आता ऐका. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. चिठ्ठीची झेरॉक्स बरोबर. बूट आत्ताच घ्या आणि रोज बागेपर्यंत घालून चाला, नवे बूट विमानतळावर काढायचे नाहीत. विमानतळावर चाकांची खुर्ची सांगितली आहे. आण्णा, नको म्हणू नका, रांग फार लांब असते. आई, तूप आणि पेढे अजिबात नको, दुधाचं काही आत येऊ देत नाहीत.

आणि आण्णा, आपल्या भगवा जातीचं एखादं डाळिंब पिशवीत टाकावंसं वाटेल, मला माहीत आहे. टाकू नका. सरकारी दाखल्याशिवाय फळ काढून घेतात आणि ते टाकून दिलेलं मला बघवणार नाही. त्यापेक्षा दादाकडून बागेचे फोटो मोबाईलमध्ये घ्या, खोडांचेही. हेनेरालिफेत माळी भेटला तर त्याला दाखवू. तुम्ही बोला, मी स्पॅनिशमध्ये सांगेन.

तुमची,
सोनी