दर्जा का बदलला, तेही छापा

महोदय,

‘अमुक प्राणी आता धोक्याबाहेर’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, प्रजातींना असलेला धोका नोंदवणाऱ्या लाल यादीत तो प्राणी ‘संकटग्रस्त’मधून ‘असुरक्षित’ वर्गात आलेला असतो, एवढेच. पण ‘असुरक्षित’ हा वर्गसुद्धा नामशेष होण्याचा धोका असलेल्या तीन वर्गांपैकीच एक आहे. म्हणजे मथळाच चुकलेला.

त्याहून मोठी चूक म्हणजे दर्जा का बदलला, हे न सांगणे. हिमबिबट्या २०१७ मध्ये ‘असुरक्षित’ ठरला, तेव्हा त्याची संख्या वाढल्याचा अर्थ अनेकांनी काढला. वाढ झाल्याचे कुणीच सिद्ध केले नव्हते. प्रजननक्षम प्राणी २,५०० पेक्षा कमी आणि त्यांची घट वेगवान, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर त्या निकषावर प्रजाती ‘संकटग्रस्त’ ठरते. नव्या मूल्यमापनात दोन्ही अटी लागू होत नाहीत असे दिसले. काही अभ्यासकांनी या बदलाला उघड विरोधही केला. आयबेरियन लिंक्स या स्पेन-पोर्तुगालमधल्या रानमांजराची गोष्ट निराळी. २००१ मध्ये ६२ प्रौढ लिंक्स उरले होते, २०२२ मध्ये ते ६४८ झाले आणि २०२४ मध्ये दर्जा सुधारला. ही प्रत्यक्षातली वाढ. बदल खरा आहे, की नव्या माहितीमुळे किंवा प्रजातीच्या शास्त्रीय वर्गीकरणातल्या फेरबदलामुळे झाला, याची नोंद आययूसीएन स्वतः ठेवते. ती बातमीत एका ओळीत मावते.

या लिंक्सचे मुख्य भक्ष्य असलेला युरोपीय ससा २०१९ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. ऑस्ट्रेलियात ज्याने उच्छाद मांडला, तोच हा ससा! मात्र माणसाने जिथे नेऊन सोडला तिथले ससे या हिशेबात धरत नाहीत; मूळ प्रदेशात तो रोगामुळे झपाट्याने घटला. घट मोजताना दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा तो धरतात. त्यामुळे आज बऱ्यापैकी दिसणारा प्राणीही अधिक धोक्याच्या वर्गात जाऊ शकतो. ‘इतके तर दिसतात, मग संकट कसले?’ असे विचारणाऱ्यांना हा निकष कुणीतरी समजावून सांगायला हवा, आणि ते काम वर्तमानपत्राचेच.

मूल्यमापनाचे वर्षही द्यावे. दहा वर्षांहून जुन्या नोंदींवर ‘अद्ययावत करणे गरजेचे’ असा शेरा यादीतच असतो, तरी बातमीत त्या ताज्या म्हणून खपतात. आणि ही यादी म्हणजे कायदा नव्हे. शिकारबंदी त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, आंतरराष्ट्रीय व्यापारावरचे निर्बंध साइट्स करारातून येतात. यादीतला धोक्याचा दर्जा उतरला म्हणून संरक्षण आपोआप उठत नाही, हेही अशा बातमीखाली छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक