काकूंच्या घराबद्दल, आणि इथल्या नदीबद्दल

लेंट, नायमेखन, नेदरलँड्स
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल आली तेव्हा घरात चकल्यांचा घाणा चालू होता, म्हणून लगेच लिहिलं नाही. तुझा प्रश्नही घाईत उत्तर देण्यासारखा नव्हता. काकू सांगलीतलं, पूरपट्ट्यातलं कर्नाळ रोडचं घर सोडायला तयार नाहीत, तू विश्रामबागेत फ्लॅट बघून ठेवलायस, आणि या ओढाताणीत मला विचारतोस, ‘तुम्ही तर पाण्याच्या देशात राहता, तिथली माणसं काय करतात?’ आज रविवार. रात्री घड्याळं एक तास मागं गेली, मुलं अजून उठलेली नाहीत. निवांत लिहितो.

आधी आमची जागा कशी आहे ते सांगतो. नायमेखन शहर वाल नदीच्या दक्षिण काठावर, चढावर वसलंय. आमचं लेंट समोरच्या सखल काठावर. वाल म्हणजे ऱ्हाईनचा सगळ्यात मोठा फाटा. स्वित्झर्लंडचा बर्फ आणि जर्मनीचा पाऊस घेऊन ऱ्हाईन लोबिथ या गावाशी नेदरलँड्समध्ये शिरते. आपल्याकडे पावसाळ्यात जो तो ‘आयर्विनला (पुलाला) किती फूट झालं?’ विचारतो, तसं इथं लोबिथचं पाणी बघतात. आम्ही समुद्रसपाटीच्या खाली नाही, पण नदी फुगली की तिचं पाणी आमच्या अंगणापेक्षा वर असतं. मध्ये काय, तर बांध. त्या बांधावरून मी रोज सायकलनं कामाला जातो, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला घरांची कौलं.

१९९५ च्या जानेवारीअखेर लोबिथला सेकंदाला १२ हजार घनमीटर पाणी वाहत होतं. आपल्या हिशेबात सव्वाचार लाख क्युसेक. बांध पाणी पिऊन मऊ पडले होते, कुठला कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा या नद्यांच्या पट्ट्यातून अडीच लाख माणसं आणि त्यांची गुरंढोरं हलवली. आमच्या शेजारच्या आजी त्या वेळी ओय पोल्डरमध्ये, म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल जमिनीत, राहायच्या. गाई ट्रकमध्ये चढवताना त्यांचे यजमान रडले होते, हे त्यांनी मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं. मी सांगलीचा, २००५ आणि २०१९ पाहिलेला, हे कळल्यावरच सांगितलं. त्याआधी आमचं बोलणं हवेच्या पुढं गेलं नव्हतं.

बांध फुटला नाही, लोक काही दिवसांत घरी परतले. पण त्यानंतर इथं जे ठरलं ते मला फार मोलाचं वाटतं. शेकडो वर्षं बांध उंच करण्यात हात बसलेला हा देश, त्यानं ठरवलं की आता नदीलाच जागा द्यायची. तीसहून जास्त ठिकाणी काम काढलं, दोन अब्ज युरोंच्या वर खर्च केला. लेंट त्यातलंच एक ठिकाण. इथं वाल वळते आणि वळणावरच अरुंद होते, म्हणून पाणी तुंबायचं. त्यांनी लेंटचा बांध ३५० मीटर मागं घेतला आणि मधल्या जमिनीत नदीसाठी दुसरं पात्र खोदलं. त्याला स्पीखलवाल म्हणतात. त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली. लोक गप्प बसले नाहीत. विरोध झाला, गावानं स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला, वर्षानुवर्षं बैठका चालल्या. शेवटी घरं गेलीच, पण मोबदला देऊन गेली, आणि पूर नसताना गेली. रात्री दोनला, खांद्यावर म्हातारी घेऊन नाही.

या सगळ्यानं पुराची पातळी किती उतरली, माहीत आहे? पस्तीसेक सेंटिमीटर. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढं? तुला हे समजावायला नको. पाणी उंबऱ्याच्या एक फूट वर आणि एक फूट खाली, यातला फरक तुझ्याइतका कुणाला ठाऊक असणार!

आता त्या नव्या पात्रात उन्हाळाभर पोरं डुंबतात. वाळूचा किनारा आहे, आमची ओवी आणि चिनू शाळा सुटली की तिकडेच. तिकडून जवळच ‘दे ओव्हरस्टेक’ नावाचा २०१३ साली झालेला पूल आहे. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये याच जागी अमेरिकन सैनिकांनी भरदिवसा कापडी होड्यांतून नदी ओलांडली, त्यात ४८ जण गेले. रोज तिन्हीसांजेला पुलावरचे ४८ जोडदिवे माणसाच्या चालीनं एकामागोमाग एक लागतात, आणि कुणीतरी निवृत्त सैनिक त्यांच्याबरोबर चालत जातो. इतर कुणीही सोबत चालू शकतं. आम्ही कधी कधी जातो. मीनलला तिथं आल्यावर बोलवत नाही, मलाही नाही.

हर्फ्स्टव्हाकान्सी, म्हणजे शरदातली आठवड्याची सुट्टी, नुकतीच झाली. पाहुणे आले की आम्ही त्यांना खीटहोर्न हे कालव्यांचं गाव आणि पवनचक्क्या दाखवतो, ते छानच आहे, तुलाही दाखवू. या सुट्टीत मात्र मुलांना घेऊन झीलंडला गेलो. तिकडं जमीन म्हणजे समुद्रातली बेटं, बांधांनी आणि धरणांनी जोडलेली. औवरकेर्क नावाच्या गावी पुराचं संग्रहालय आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली, बांध फुटले, आणि या देशात १,८३६ माणसं बुडाली. औवरकेर्कचं भगदाड शेवटी नोव्हेंबरमध्ये बुजलं, तेही काँक्रीटचे चार अवाढव्य पोकळ ठोकळे आणून बसवले तेव्हा. त्याच चार ठोकळ्यांच्या पोटात आज संग्रहालय आहे. आत ओलसर गारवा, उघड्या काँक्रीटच्या भिंती. एका दालनात मृतांची नावं एकेक करून समोर येतात. त्या दालनाचं नाव ‘१८३५+१’. तो वरचा एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं आणि त्याच रात्री गेलेलं बाळ, ज्याची नोंदच झाली नव्हती. ओवीनं विचारलं, त्याचं नाव काय होतं? मीनल तिला घेऊन बाहेर गेली. मी तिथं उभा राहून २०१९ च्या पुरात उलटलेल्या ब्रह्मनाळच्या बोटीतल्या माणसांची आठवण काढत होतो. त्यांची नावं कुठं लिहिली आहेत का रे? लिहायला हवीत. सांगलीत घाटावर किंवा हरिपूरला, संगमापाशी.

चिनूला मात्र तिथं ऐकलेली एका नावाड्याची गोष्ट आवडली. त्याच रात्री हॉलंड्से आयसल नदीचा बांध सुटायला लागला. त्यामागं तीस लाख माणसांचा सखल मुलूख. तिथल्या बर्खमेस्टरनं, म्हणजे महापौरानं, एव्हखरून नावाच्या नावाड्याला सांगितलं, तुझं जहाज त्या भगदाडात घाल. त्यानं घातलं. पाण्यानंच ते दारासारखं ओढून बसवलं, आणि बांध टिकला. परतीच्या वाटेवर गाडीत चिनूनं ती गोष्ट ओवीला पुन्हा पुन्हा सांगितली, दर वेळी जहाज थोडं मोठं करून.

दुसऱ्या दिवशी ओस्टरस्खेल्डेचं धरण बघितलं. नऊ किलोमीटर लांब, ६२ लोखंडी दरवाजे. आधी तिथं सलग भिंत घालून खाडी बंद करायचा बेत होता. पण त्यानं खाडीचं पाणी गोडं झालं असतं, शिंपले आणि कालवं मेली असती, म्हणून कोळी आणि निसर्गप्रेमी दोघंही उठले, आणि सरकारनं आराखडा बदलला. १९८६ साली पुरं झालेलं हे धरण एरवी उघडंच असतं, भरती-ओहोटी आत-बाहेर खेळते. समुद्र तीन मीटरवर चढणार असा अंदाज आला तरच दरवाजे पडतात. वरून चालताना पायाखाली पाण्याची ती खेच बघितली की अंगावर काटा येतो. तुझ्यासारख्या इंजिनीअरला तिथं आणायचंच असं मी आणि मीनलनं तिथंच ठरवलं.

ओवीला गेल्या महिन्यात पोहण्याचा ‘आ’, म्हणजे पहिला, डिप्लोमा मिळाला, त्याचे फोटो पाठवले होते. तू विचारलंस, पोरगी बुटांसकट पाण्यात का? इथं परीक्षाच तशी असते. पाण्यात पडणारं मूल पोहण्याचे कपडे घालून पडत नाही. म्हणून टी-शर्ट, चड्डी, बूट घालून उडी मारायची, पाण्यात उभं तरंगून दाखवायचं, नंतर पाण्याखाली ताडपत्रीच्या भोकातून आरपार जायचं. कायद्यानं सक्ती नाही, तरी जवळजवळ प्रत्येक आईबाप मुलांना घालतात, क्लासला थांबायची यादी असते, वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आपण पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकलो, तुझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा घाटावरून ढकललं. ते शिक्षण काही कमी नव्हतं. पण आता सांगलीतली किती मुलं पोहतात? पूरपट्ट्यातल्या प्रत्येक शाळेत हे असावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या शाळा समितीत हा विषय काढ.

आणखी एक सांगायचं राहिलं. इथं पाण्याचं वेगळं सरकार असतं, वॉटरस्खाप. देशात अशी २१ आहेत. बांध, कालवे, पंप सगळं त्यांच्याकडे, त्यांचा वेगळा कर, त्यांची वेगळी निवडणूक. २०२३ च्या मार्चमध्ये ती झाली आणि इथं रीतसर राहणारे परदेशी म्हणून आम्हालाही मत देता आलं. आमचं वॉटरस्खाप रिव्हिरनलांट, कचेरी टील गावात. लाल पेन्सिलनं गोल भरायचा असतो. त्या दिवशी घरी येऊन मी कराचं बिल पहिल्यांदाच नीट वाचलं. त्यात बांधांचेही पैसे असतात, आणि ते उन्हाळ्यातही भरायचे असतात, नदी वाळूत लोळत असताना.

तरी इथंही सगळं आलबेल नाही. २०२१ च्या जुलैत लिंबुर्खमध्ये खल नदीनं व्हाल्कनबुर्ख गाव धुऊन काढलं. सरहद्दीपलीकडे जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात तर शंभराहून जास्त माणसं गेली. आठवडा उलटतोय तोच चिपळूण बुडालं, आणि मग सांगली. इकडं टीव्हीवर व्हाल्कनबुर्खचे चिखलातले सोफे, तिकडं मोबाईलवर तुझे फोटो, काकूंची गोदरेजची कपाटं रस्त्यावर. त्या रात्री तुझा फोन लागत नव्हता. मी बांधावर जाऊन उभा राहिलो होतो, हे तुला कधी बोललो नव्हतो.

तर काकूंचं घर. इकडं ओव्हरडीप्से पोल्डर म्हणून एक जागा आहे, ब्राबांटमध्ये. तिथं नदीला जागा द्यायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःच सांगितलं, सगळ्यांना उठवू नका, आम्हाला मातीची उंच टेकाडं करून द्या. काहीजण मोबदला घेऊन गेले. जे राहिले त्यांची आठ घरं, गोठ्यांसकट, सहा मीटर उंचवट्यांवर बांधली. पूर आला की शेतं पाण्याखाली, घरं कोरडी. म्हणजे ‘सोडा’ किंवा ‘राहा’ एवढ्या दोनच वाटा नसतात. पण ते पन्नास वर्षांचा विचार करून, सगळ्यांनी मिळून आणि सरकारी पैशानं झालं. कर्नाळ रोडला तू एकट्यानं जोतं चढवलंस तर तुझं पाणी शेजारच्याच्या दारात जाणार. म्हणून मला वाटतं, राहायला विश्रामबागेत या. जूनच्या आधी या. पण घर विकू नका. काकूंना उन्हाळा-हिवाळ्यात तिथं जाऊ दे, तुळस तिथंच राहू दे. घर सोडायचं की नाही हा प्रश्न त्यांना जुलैत विचारू नकोस, जानेवारीत विचार, पाणी पार तळाला असताना. त्या नक्की ऐकतील असं नाही म्हणत. त्यांना मी ओळखतो.

आणि एप्रिल-मेमध्ये इकडं ये, वहिनींना आणि पोरांना घेऊन. आमचं गणपतीला येणं दर वर्षी हुकतं, कारण पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची शाळा इथं सहज बुडवता येत नाही, दंड होतो. तुझ्या पोरांना तेव्हा सुट्टी असते. शेंगेन व्हिसाला वेळ लागतो, फेब्रुवारीत अर्ज टाक, आमंत्रणाचे कागद मी करून पाठवतो. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, तेव्हा मुलं रस्त्यावर सतरंजी अंथरून जुनी खेळणी विकतात. तुझा धाकटा तिथं रमेल.

सामानाचं वहिनींना सांग: पेढे किंवा दुधाचं काहीही नको, विमानतळावर काढून घेतात. भडंग आण, जेवढं बसेल तेवढं. हळद आण, घरची. आणि काकू हो म्हणाल्या तर त्यांनाही घेऊन ये. शेजारच्या आजी त्यांच्याबद्दल दोनदा विचारून गेल्यात.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. मीनल वहिनींना वेगळं लिहितेय.

तुझा,
अव्या

ता. क. शाळा समितीची बैठक कधी असते ते कळव. त्या ‘आ’ परीक्षेचे सगळे नियम मराठीत करून पाठवतो.