फाइल आधी वाचायला शिकवलंत, ताई!

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मेंदूच्या एमआरआयवर कॉम्प्युटरवर पुढचं काम करणारे पुण्यातले आम्ही काही जण हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. तुम्ही मशीनच्या कन्सोलवर, म्हणजे स्कॅन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, बसता, आमच्याकडे येते ती फक्त फाइल. चित्रातून कवटी नीट सोलली जात नाही (म्हणजे मेंदू वेगळा निघत नाही), मेंदूचा करडा आणि पांढरा भाग एकमेकांत मिसळतो, चित्र दाणेदार दिसतं, अशी कुठलीही तक्रार आणली की तुम्ही सॉफ्टवेअरचं नावही न विचारता आधी एवढंच विचारलंत, "फाइल आली कुठून, आणि हेडर बघितलं का?" या प्रश्नासाठी आभार मानायचे आहेत (हेडर म्हणजे फाइलमध्येच असलेली स्कॅनच्या तपशिलांची यादी). ड्युटी संपल्यावर थांबून तुम्ही जे तोंडी समजावलंत ते लिहून ठेवलं तर आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते फाइल मशीनमधून बाहेर पडताना. पेशंटच्या हातात फिल्मचं पाकीट असतं, सीडी असते, हल्ली मोबाइलवर आलेली चित्रंही असतात. मूळ डायकॉममध्ये, म्हणजे मशीन देतं त्या फाइलमध्ये, साधारण १२ बिट, म्हणजे ४०९६ पर्यंत छटा मावतात. जेपेग केलं की २५६ उरतात, आणि त्याही रिपोर्टसाठी लावलेल्या विंडोमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या ठरावीक पट्ट्यात, बंद होतात. टी१ चित्रात (टी१, टी२, फ्लेअर हे एमआरआय घेण्याचे वेगवेगळे प्रकार) करड्या आणि पांढऱ्या भागातला फरक मुळातच थोडा, तो इथेच चेपला जातो. त्यात जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, त्यांच्या कडा सॉफ्टवेअरला खऱ्या वाटतात. व्हॉक्सेलचं, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान घनाचं, माप तर उरतच नाही. म्हणून मागायची ती पूर्ण सिरीज, सगळ्या स्लाइस (मेंदूचे एकामागून एक घेतलेले काप), मूळ डायकॉम. हेडरमध्ये 'लॉसी इमेज कॉम्प्रेशन' समोर ०१ दिसलं तर माहिती एकदा गेलेली आहे, ती कुठल्याही फिल्टरने परत येत नाही. 'इमेज टाइप'मध्ये 'ओरिजिनल, प्रायमरी' हवं. 'डिराइव्ह्ड, सेकंडरी' असेल तर बहुधा फिल्मसाठी नव्याने कापलेल्या स्लाइस किंवा पडद्याचा फोटो हाती आला आहे. १ मिमीच्या थ्रीडी टी१ सिरीजमध्ये साधारण १६० ते १९२ स्लाइस असतात. सीडीवर ८० च निघाल्या तर आधी फोन करायचा, प्रोसेसिंग नंतर. डीसीएम२निक्स या प्रोग्रॅमने डायकॉमची निफ्टी फाइल (प्रोसेसिंगला लागते ती) बनवताना स्लाइसमधलं अंतर असमान असल्याचा इशारा दिला, तर तो वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. रोजच्या ब्रेन प्रोटोकॉलमध्ये टी२ आणि फ्लेअर आडव्या घेतात, स्लाइस ५ मिमी, मध्ये १ ते १.५ मिमी मोकळी जागा. डॉक्टरांना निदानासाठी ते पुरतं. पण मेंदूची बाहेरची साल जेमतेम २ ते ४ मिमी जाड असते, त्यामुळे ५ मिमीच्या एका व्हॉक्सेलमध्ये करडा भाग, पांढरा भाग आणि पाणी असं सगळंच येतं. मेंदूचे भाग मोजणारं फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर अशी फाइल नाकारत नाही. ते तिला प्रत्येक बाजूला १ मिमीचे २५६ व्हॉक्सेल असलेल्या घनात बसवतं, काम पूर्ण करतं आणि आकडेही देतं. ते आकडे खरे धरणं ही आमच्या कामातली सर्वांत धोकादायक चूक. जाड स्लाइसच हाताशी असतील तर फ्रीसर्फरबरोबर येणारं सिंथसेग वापरून मोठ्या भागांचं घनफळ काढता येतं, पण सालीच्या जाडीतला बारीक फरक त्यातून सांगू नये.

याचीच दुसरी बाजू म्हणजे खोटं रिझोल्यूशन. पिक्सेल स्पेसिंग ०.४७ मिमी पाहून चित्र बारीक आहे असं वाटतं. पण 'ऍक्विझिशन मॅट्रिक्स' (प्रत्यक्ष मोजलेले बिंदू) २५६ आणि व्ह्यू (स्कॅनमध्ये घेतलेल्या भागाची रुंदी) २४० मिमी असेल, तर खरं माप ०.९४ मिमी. मशीनने मोजलेल्या कच्च्या डेटाच्या कडेला शून्यं भरून चित्र ५१२ चं केलेलं असतं. ठिपके दाट झाले, तपशील तेवढाच राहिला. गिब्सचे पट्टे (ठळक कडेजवळ उमटणाऱ्या खोट्या रेघा) काढणाऱ्या साधनांनाही अशी फुगवलेली किंवा पार्शियल फूरियरने (डेटाचा काही भागच मोजून) घेतलेली फाइल पचत नाही. ती पद्धत पूर्ण आणि न ताणलेला डेटा गृहीत धरते, म्हणून नॉइज काढल्यानंतर पण बाकी सगळ्याच्या आधी ती वापरायची.

के-स्पेस (चित्र बनण्याआधीचा कच्चा डेटा) आम्हाला समजली ती तुम्ही खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं उदाहरण दिलंत तेव्हा. नारायणगावजवळच्या त्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आकाशाचा फोटो काढत नाहीत. जोडीजोडीने त्या आकाशाचे फूरियर घटक (ज्या लहान-मोठ्या लहरींनी चित्र बनतं त्या) गोळा करतात, चित्र नंतर गणिताने तयार होतं. एमआरआयचंही तसंच. मधल्या बिंदूंमध्ये ढोबळ उजेड-अंधार, कडेच्या बिंदूंमध्ये बारीक रेषा. म्हणूनच एक बिंदू बिघडला की डाग एका जागी पडत नाही, सगळ्या चित्रावर कॉर्डुरॉयच्या कापडासारखे तिरके पट्टे उमटतात. हे झालं स्पाइक नॉइज: कुठेतरी ढिला धातू किंवा स्थिर विजेची ठिणगी. मार्च ते मे या काळात पुण्याची दुपार कोरडी असते, तेव्हा मशीनच्या खोलीतली आर्द्रता मोजणाऱ्या काट्याकडे लक्ष हवंच. असे पट्टे ब्लर करून झाकायचे नाहीत. कच्चा डेटा असेल तर तो एक बिंदू काढता येतो, नसेल तर स्कॅन पुन्हा घ्यावा लागतो. याउलट चित्रात एकाच जागी सरळ, चेनसारखी रेघ दिसली तर बाहेरचा रेडिओ सिग्नल आत शिरला आहे. १.५ टेस्लाचं मशीन सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर ऐकतं, ३ टेस्लाचं सुमारे १२८ वर. दार पूर्ण लागलं आहे का, दाराच्या कडेच्या तांब्याच्या स्प्रिंगपट्ट्या वाकल्या आहेत का, खोलीत नवीन मॉनिटर किंवा एलईडी दिवा आला आहे का, हे त्याच क्रमाने बघायचं.

डोकं हलल्याची खूण ओळखायची तुमची युक्ती आम्ही आता प्रत्येक स्कॅनवर वापरतो. विंडो इतकी खाली आणायची की डोक्याबाहेरची काळी हवा उजळेल. फेज एन्कोडिंगच्या दिशेने (चित्राच्या ज्या दिशेची मोजणी ओळीओळीने, सावकाश होते) हवेत डोक्याच्या सावल्या दिसल्या तर हालचाल झाली आहे. गिब्सचे पट्टे वेगळे: ते कवटीसारख्या ठळक कडेला समांतर असतात आणि दूर जाताना फिके पडतात. हा फरक कळायलाच हवा, कारण हललेल्या स्कॅनमध्ये मेंदूची साल प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजली जाते. म्हातारी किंवा आजारी माणसं जास्त हलतात, म्हणजे चूक नेमकी त्यांच्याच बाजूला झुकते आणि आजारासारखी दिसते. त्यावर प्रोसेसिंगमध्ये उपाय नाही. उपाय टेबलावरच करायचा: दोन्ही बाजूंना फोमच्या पाचरी, थ्रीडी टी१ सुरुवातीलाच, आणि पेशंट मशीनमध्ये असतानाच चित्र बघून गरज पडली तर पुन्हा. अंबाडा सोडायला सांगणं हेही त्यातलंच. अंबाड्यामुळे डोकं पुढे ढकललं जातं, कॉइलपासून (डोक्याभोवतीच्या, सिग्नल टिपणाऱ्या अँटेनापासून) मागचा भाग दूर राहतो आणि मान अवघडली की हालचाल होतेच. केसांतल्या पिना, क्लिपा काढलेल्या हव्यात. डोळ्यांच्या मेकअपमध्ये लोहाचं ऑक्साइड असेल तर डोळ्यांजवळचा पुढचा भाग वाकडा येतो, म्हणून तोही पुसून घ्यायचा.

दाणेदार चित्राबद्दल कुणीही विचारलं की आम्ही आता तुमचा हिशोब मांडतो. सिग्नल व्हॉक्सेलच्या घनफळावर चालतो. १ मिमीऐवजी ०.८ मिमी घेतलं तर घनफळ ०.५१२, म्हणजे सिग्नल जवळपास अर्धा. सरासरी घेऊन तो परत मिळवायचा तर वेळ जवळजवळ चौपट, कारण फायदा वर्गमुळाने वाढतो. तेवढा वेळ पेशंट स्थिर राहणार नाही. त्यामुळे मेंदूच्या घनफळासाठी स्वच्छ १ मिमी हे दाणेदार ०.८ पेक्षा आम्हाला केव्हाही जवळचं.

चित्राची एक बाजू उजळ, एक काळी असेल तर दोन कारणं वेगळी करायची. उजेड हळूहळू उतरत असेल तर तो कॉइलच्या अंतराचा परिणाम. सीमेन्सच्या मशीनच्या फाइलमध्ये 'इमेज टाइप'मध्ये 'नॉर्म' नसेल तर मशीनवर ती दुरुस्ती झालेली नाही. उजेड सारखा करणारं एन४ चालवायचं, मेंदूचा मास्क (मेंदू कुठे आहे ते दाखवणारा साचा) देऊन. स्प्लाइनचं अंतर (दुरुस्तीच्या जाळीतल्या बिंदूंमधलं) २०० मिमीपासून सुरू करायचं, उतार तीव्र असेल तरच १०० च्या आसपास आणायचं. फार कमी केलं तर एन४ करड्या-पांढऱ्यातला खरा फरकच सपाट करतं. एन४ नंतरही एक ठरावीक कोपरा काळा आणि दाणेदारच राहिला, तर कॉइलचा एखादा घटक बंद असण्याची शक्यता मोठी. फॅन्टम (तपासणीसाठीची द्रव भरलेली वस्तू) ठेवून प्रत्येक चॅनलचं, म्हणजे कॉइलच्या प्रत्येक घटकाचं, वेगळं चित्र बघायला तुम्ही शिकवलंत, नाहीतर आम्ही आकडेच बदलत बसलो असतो.

कवटी सोलण्याबद्दल थोडक्यात. बेट या कवटी सोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एफ या सेटिंगचं ठरलेलं मूल्य ०.५ असतं. ते कमी केलं की मेंदूची बाह्यरेषा मोठी होते, वाढवलं की आत सरकते. पण ते बदलण्याआधी रोबस्टएफओव्ही या साधनाने चित्रातली मान कापायची, कारण लांब मान आत असली की सुरुवातीचा मध्यबिंदूच खाली घसरतो. आणि 'कॉन्ट्रास्ट बोलस एजंट' हा हेडरमधला रकाना भरलेला आहे का ते बघायचं. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यानंतरच्या टी१ मध्ये ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) आणि शिरा चमकतात, सॉफ्टवेअर त्यांना मेंदूत धरतं. त्याच पेशंटचा कॉन्ट्रास्टआधीचा टी१ बहुतेक वेळा सीडीवर शेजारीच असतो.

धूसरपणाचं एक कारण मात्र सर्वस्वी आमच्या बाजूचं. फिरवलं, सेव्ह केलं, जुळवलं, पुन्हा सेव्ह केलं: प्रत्येक वेळी मधल्या किमती अंदाजाने भरल्या जातात आणि चित्र मऊ होतं. सगळी रूपांतरं जोडून मूळ फाइलवर एकदाच लावायची. मधल्या किमती भरायची पद्धत चित्रासाठी स्प्लाइन किंवा सिंक, भागांच्या लेबलसाठी मात्र निअरेस्ट नेबरच (सर्वांत जवळच्या बिंदूची किंमत घेणारी), नाहीतर लेबल २ आणि ४ मधून नसलेलं ३ तयार होतं.

डावं-उजवं उलटल्याची शंका पुन्हा येऊ नये म्हणून उजव्या कानशिलाजवळ ई जीवनसत्त्वाची एक गोळी चिकटवायची तुमची सूचनाही अंमलात आली आहे. साधी गोळी, पण टी१ मध्ये ठळक चमकते.

आता एक विनंती. डिफ्यूजन स्कॅनबरोबर (पाण्याची हालचाल मोजणारा स्कॅन) उलट्या फेज दिशेचा एक बी-शून्य (डिफ्यूजनचा परिणाम न लावता घेतलेलं चित्र) हवा असतो. तो मिळाला तर टॉपअप हे साधन कपाळामागचा आणि कानांजवळचा ताणलेला भाग जागेवर आणू शकतं. सहसा तो मिनिटाभरात होतो, पण पेशंट उठून गेला की मग जमत नाही. वरचे मुद्दे आम्ही एका पानावर मोठ्या अक्षरात मराठीत छापले आहेत आणि हा बी-शून्य सगळ्यात वर ठेवला आहे. तुमची परवानगी असेल तर ते पान कन्सोलशेजारच्या भिंतीवर लावू. काही चुकलं असेल तर पेनने त्यावरच दुरुस्त करा, आम्ही पुन्हा छापून आणू.

आपले ऋणी,
पुण्यातले आम्ही सारे