मोरा बंदरावरच्या सारंगकाकांस

आदरणीय सारंगकाका,

सा. न. वि. वि. नागपूरहून लिहितो आहे. पत्रात तुमचं नाव नाही, सारंग हा नुसता टगच्या कप्तानाचा हुद्दा, कारण "नावबिव कशाला, आम्ही काय केलं एवढं" असं तुम्हीच म्हणाला होतात. (टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी-रेटणारी छोटी, दणकट बोट.) काय केलंत ते मात्र चार लोकांना कळलं पाहिजे, म्हणून पत्र बंद पाकिटात घातलं नाही.

आमचे बाबा अजनीच्या कंटेनर डेपोत होते. डबे म्हणजे कंटेनर मोजायचे, सीलचे नंबर ताडून बघायचे, रेक म्हणजे अख्खी मालगाडी न्हावा शेवा बंदराकडे रवाना करायची, यातच नोकरी गेली. विदर्भातलं सूत गेलं, तांदूळ गेला. ते बंदर १९८९ साली सुरू झालं आणि त्याचं नाव आमच्या घरात इतकं बोललं जायचं, की लहानपणी मला न्हावा शेवा हे वर्ध्याच्या पुढचं स्टेशन वाटे. बाबांनी मात्र आपला डबा ज्यावर चढतो ते जहाज कधी पाहिलंच नव्हतं. मुंबईपासून रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाची एवढीच हौस.

ती पुरवायला निघालो तेव्हा आधी कोण कोण भेटलं, तेही लिहितो. एका सहलवाल्याने 'बंदरदर्शन' म्हणून पैसे घेतले आणि गेटच्या बऱ्याच अलीकडे बस थांबवून लांबूनच क्रेन दाखवल्या. ओळखीच्या एका साहेबांनी "बघतो, करू" म्हटलं आणि मग फोन उचलणंच सोडलं. परवानगीशिवाय बंदरात सोडत नाहीत हे मान्य आहे, तिथे सुरक्षेचा प्रश्न असतो. सरळ नाही म्हणाले असते तर काही वाटलं नसतं. पण त्या सहलवाल्याच्या माणसाने वर ऐकवलं, "आजोबांना या वयात काय करायचंय जहाज? यूट्यूबवर दाखवा ना." बाबा हसले. मला अजून राग आहे आणि तो सोडायचा माझा विचारही नाही.

मग आम्ही बापलेक भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून मोऱ्याला आलो. तुम्ही जेटीवर बसला होतात, गळ्यात दुर्बीण. उभी हयात टगवर काढलेला माणूस निवृत्तीनंतरही टगच बघायला येतो, याचं बाबांना जराही नवल वाटलं नाही. तेही अजनी पुलावरून जाताना मला स्कूटर थांबवायला लावतात.

तुम्ही दुर्बीण पुढे केलीत. बाबांचे हात कापतात, काका. तो कंप दिसला की लोक एक तर हात धरतात, नाहीतर दुसरीकडे बघतात. तुम्ही दोन्हीपैकी काहीच केलं नाहीत. उठलात, त्यांच्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "इथे टेकवा, खांद्यावर." बाबांना कमी ऐकू येतं हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं होतं, म्हणून तोंड त्यांच्याकडे आणि पाठ समुद्राकडे. जहाज येऊन धक्क्याला लागेपर्यंत तुम्ही तसेच उभे होतात. जे बघायला तुम्ही स्वतः आला होतात, ते तुम्ही पाहिलंच नाहीत.

"काय दिसतं?" तुम्ही विचारलंत.

"जहाज दिसतं. पण ते तं हलूनच नाही राहिलं ना."

"हलतंय. पुढे एक, मागे एक टग बांधलाय का बघा."

मग बाबा बघून सांगायचे आणि तुम्ही न बघता त्याचा अर्थ लावायचात. जहाजाचा वेग उतरला की सुकाणूला पाणी धरत नाही. एवढं लांबलचक धूड, त्यावर डब्यांची उंच भिंत, तिला बाजूने वारा लागला की ते भलतीकडेच जायला बघतं. पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, बाहेरच दोरीच्या शिडीने जहाजावर चढलेला असतो आणि वॉकीटॉकीवर तो सांगेल तसं टगांनी ओढायचं, नाहीतर रेटायचं. टगचे पंखे चहूबाजूंना फिरतात, त्यामुळे तो आडवासुद्धा सरकतो.

"म्हणजे शंटिंगचं इंजिन!" बाबा म्हणाले.

"बरोबर. फक्त रूळ नाहीत, आणि ब्रेकही नाही."

जहाजाच्या कुशीवर इंग्रजीत 'टग' असं रंगवलेलं बाबांना दिसलं तेव्हा त्यांनी ती तीन अक्षरं मोठ्याने वाचली. नाक तिथेच लावायचं, तुम्ही सांगितलंत, आतून मजबुती तिथे असते. दुसरीकडे रेटलं तर पत्रा आत जातो. बाबांनी मान डोलावली. डबा उचलताना कुठल्या कोपऱ्याला हात घालायचा, यावर त्यांनीही आयुष्यभर लोकांशी हुज्जत घातली आहे. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "सील तुटलेला डबा आला तर तुमच्याकडे काय करायचे हो?" नोकरी सुटल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. बाबा किती वेळ बोलत होते, आणि तुम्ही मधूनच "अच्छा, असं होय" करत होतात. ते बोलणं भिडेखातर ऐकलेलं नव्हतं, कळत होतं.

मी मध्येच बाल्टिमोरच्या पुलाचा विषय काढला. २६ मार्च २०२४ च्या रात्री 'डाली' नावाचं कंटेनर जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं, पूल कोसळला, त्यावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "टग धक्क्यापासून बाहेर काढून देऊन परत फिरले होते. वीज गेली ती नंतर." त्यावर पुढे काही मत दिलं नाहीत. टीव्हीवर त्या आठवड्यात सगळेच तज्ज्ञ झाले होते, म्हणून तुमचं ते थांबणं मला आवडलं.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याकडे शाल, नारळ आणि फोटो लागतो. ओळखदेख नसलेल्या म्हाताऱ्यासाठी पाठ अवघडेपर्यंत उभा राहिलेल्या माणसाचा फोटो कोण काढणार? मीही काढला नाही, आणि तेच बरं वाटतं. परतीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बाबा समोरच्या बर्थवरच्यांना सांगत होते, "लोकं मेल्यावर खांदा देतात बाप्पा, याने तं जिवंतपणीच दिला." गाडीत सगळे दचकले, फक्त बाबाच खो खो हसत होते.

थंडीत नागपूरला या. तर्री-पोहे बाबा स्वतः खाऊ घालतील आणि अजनी पुलावर नेतील, तिथे डब्यांविषयी तुम्ही विचाराल त्याचं उत्तर मिळेल. त्यांचाही एक प्रश्न राहिला आहे, तो मला इथे लिहायला सांगितला आहे: मागच्या टगचा दोर ऐन वळणावर तुटला, तर आधी हुकूम कोण देतो, पायलट की टगवरचा सारंग? मी म्हणतो पायलट. बाबांना ते मुळीच मान्य नाही.

आपला,
अजनीच्या बाबांचा मुलगा