‘बटण दाबत राहा, मॅडम’ : तुमच्याकडून घेतलेल्या हायब्रीड गाडीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
वापरलेल्या गाड्यांची विक्री

विषय : विक्रीनंतर सहाव्या दिवसापासून पेट्रोल इंजिन सुरू न होणे, तीनदा चुकीची दुरुस्ती आणि वॉरंटी नाकारणे याबाबत

महोदय,

तुमच्याकडून वापरलेली हायब्रीड गाडी (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी) घेतल्याला आज सत्तेचाळीस दिवस झाले. पहिले बावीस दिवस ती चालली, म्हणजे मधले दोन खोळंबे धरून चालली. नंतरचे पंचवीस दिवस ती जागची हललेली नाही. परवा तुमच्या वॉरंटी विभागाने फोनवर ‘हायब्रीड बॅटरी उतरली आहे, ती ग्राहकाच्या वापरामुळे, वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून प्रकरण मिटवून टाकले. ती बॅटरी कोणी उतरवली ते पुढे येईलच. मूळ बिघाड इंजिनात आहे आणि गाडी माझ्या ताब्यात येण्याच्या आधीपासून आहे, हे माझे म्हणणे आहे, आणि ते मी नुसते तोंडाने म्हणत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी बटण दाबले. हिरवा ‘रेडी’ दिवा लागला, गाडी नेहमीसारखी आवाज न करता फाटकापर्यंत आली, आणि इंजिन चालू व्हायच्या क्षणी अख्खी गाडी हादरली. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज, तीन-चार सेकंद. मग सगळे चिडीचूप. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण आणि शेजारी पिवळा चेक इंजिनचा दिवा. गाडी बॅटरीवर पुढे सरकत होती, इंजिन मात्र काही केल्या उचलेना.

तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने माझे वाक्य पुरे व्हायच्या आत निदान केले. ‘बारा व्होल्टची बॅटरी डाउन असेल, जंप स्टार्ट करून घ्या.’ साध्या गाडीसाठी हा सल्ला बरोबर आहे. या गाडीला वेगळी स्टार्टर मोटरच नाही. इंजिन फिरवायचे काम गिअरबॉक्समधली एक मोटर-जनरेटर करते आणि तिला वीज येते ती सुमारे दोनशे व्होल्टच्या मोठ्या, म्हणजे हायब्रीड बॅटरीकडून. बारा व्होल्टची बॅटरी फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडते. ‘रेडी’ दिवा लागला, म्हणजे तिने आपले काम केले होते. तरी मी मल्टिमीटर लावून पाहिले : गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, रेडीमध्ये १४.१, म्हणजे ती बॅटरी ठीक होती. हे आकडे फोनवर सांगितले. ‘तरी एकदा जंप देऊन बघू ना मॅडम,’ असे उत्तर आले आणि दुपारी तुमचा तंत्रज्ञ केबल घेऊन हजर झाला. रेडी दिवा जंप देण्याआधी लागत होता, दिल्यावरही लागला. मग त्याने आपला स्कॅनर जोडला, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने केलेल्या बिघाडाच्या नोंदी) पुसले, बटण दाबले. इंजिन खडखडत का होईना, पण सुरू झाले. ‘झालं. सेन्सर अडकला होता.’ कोणता सेन्सर, असे विचारले तर म्हणाला, हायब्रीडला होतं असं कधी कधी.

तो येण्याआधी मी माझा स्वतःचा छोटा स्कॅनर लावून पडद्याचे फोटो काढून ठेवले होते. (लपवून ठेवले नाहीत. त्याने आधी कोणते कोड होते हे विचारलेच नाही.) दोन कोड होते. पी०ए०एफ, म्हणजे इंजिन सुरू झाले नाही, आणि पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलेंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. पहिला कोड कारण सांगत नाही. मोटरने इंजिन फिरवले पण इंजिनाने स्वतःची ताकद लावली नाही, एवढीच त्याची कुरकुर. कारणाच्या दिशेने बोट दाखवतो तो दुसरा. बिघाडाच्या क्षणी गाडीने साठवलेल्या नोंदीत इंजिनाचा वेग मिनिटाला ९८० फेरे, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान १९ अंश आणि मोठ्या बॅटरीत ५२ टक्के चार्ज आहे. मोटर इंजिनाला व्यवस्थित फिरवत होती, बॅटरीत दम होता, आणि इंजिन रात्रभर उभे राहून गार पडलेले होते. हे वाचून मग सेन्सरपाशी कसे पोहोचता येते, ते मला अजून उमगलेले नाही.

त्याच फोटोत खालच्या बाजूला एक ओळ आहे, ती मला दुसऱ्या दिवशी दिसली. ‘कोड पुसल्यानंतरचे अंतर : ९७ किमी.’ तेव्हा गाडीचा मीटर ८४,३९८ होता. डिलिव्हरीच्या पावतीवर तुमच्याच माणसाने पेनाने लिहिलेला आकडा ८४,३१२ आहे. वजाबाकी केली तर गाडीचे कोड ८४,३०१ वर पुसले गेले, म्हणजे ती माझ्या हातात यायच्या फक्त ११ किलोमीटर आधी. माझी टेस्ट ड्राइव्ह नऊ-दहा किलोमीटरची झाली होती. बारा व्होल्टची बॅटरी काढली की काही गाड्यांत हा हिशेब आपोआप शून्यावर येतो, हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही बहुधा तेच म्हणाल. तसे असेल तर टेस्ट ड्राइव्हच्या तोंडावर ती बॅटरी का काढावी लागली, हे तुमच्या जॉब कार्डावर लिहिलेले असेल. ते दाखवा.

टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी मी पोहोचले तेव्हा बॉनेटला हात लावून पाहिला होता. गरम होते. विचारले, तर ‘आत्ताच धुऊन आणली’ म्हणाले. गार इंजिन पहिल्यांदा कसे सुरू होते, हे मला पाहायलाच मिळाले नाही, आणि या गाडीचा सगळा रोग त्याच चार सेकंदांत आहे. वर विक्रेता कौतुकाने सांगत होता की या गाडीत इंजिन कधी चालू होतं ते कळतसुद्धा नाही!

पंधराव्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी दोष पेट्रोलवर आला. टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरले, थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलले. प्लग काढताना मी शेजारी उभी होते. तीन प्लग करड्या-तपकिरी रंगाचे होते, पहिल्या सिलेंडरचा ओला आणि लखलखीत. हुंगून पाहिला, तर पेट्रोलचा वास नव्हता. मी तो प्लग मागितला. ‘जुना आहे, कशाला हवा?’ असे म्हणून तो पिशवीत गेला. मग मी कूलंट कमी होतेय का म्हणून विचारले, तेव्हा तंत्रज्ञाने एका टाकीकडे बोट दाखवले. ‘फुल आहे की.’ ती टाकी इन्व्हर्टरची होती, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्रणेची. या गाडीत कूलंटच्या दोन टाक्या आहेत, एक इन्व्हर्टरची आणि एक इंजिनाची. त्याने भरलेली दाखवली ती वेगळीच. हायब्रीड गाड्यांच्या तपासणीचे प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या माणसाला हे माहीत नसावे, याचे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त वाईट वाटले.

त्या संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर इंजिनाच्या टाकीवर, कूलंटच्या पातळीवर, मी कागदी टेपची पट्टी चिकटवली आणि गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला. सात दिवसांत पातळी पट्टीच्या बोटभर खाली गेली. पुठ्ठ्यावर एक थेंब नव्हता. बाहेर गळत नाही तर कूलंट जाते कुठे? सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ यायची, तिला गोडसर वास असायचा आणि ती इंजिन तापल्यावरही बराच वेळ थांबायची नाही. पट्टीचे सातही दिवसांचे फोटो सोबत जोडले आहेत.

बावीसाव्या दिवशी जे झाले, ते मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा नकार त्याच दिवसावर उभा आहे. इंजिन सुरू होईना. मी हेल्पलाइनला स्पष्ट सांगितले की सिलेंडरमध्ये कूलंट उतरत असल्याची शंका आहे, माणूस येईपर्यंत मी बटणाला हात लावणार नाही. आलेला तंत्रज्ञ तिसराच होता. त्याने माझे ऐकून घेतले, मान डोलावली आणि गाडीत बसून बटण दाबायला सुरुवात केली. गाडीचा कॉम्प्युटर काही प्रयत्नांनंतर स्वतःच इंजिन फिरवणे सोडून देतो. तो हे करतो बॅटरी आणि इंजिन वाचवण्यासाठी. तुमच्या माणसाने त्यावर तोडगा काढला : कोड पुसायचे, पुन्हा बटण. पुन्हा पुसायचे, पुन्हा बटण. मी मोजले, सतरा वेळा. मध्येच मी ‘पुरे’ म्हटले, तर म्हणाला, ‘बटण दाबत राहा मॅडम, पकडतं ते कधी तरी.’ आणि मग एसी चालू ठेवून अर्धा तास वरिष्ठांशी फोन. सुरुवातीला मोठ्या बॅटरीत ४९ टक्के होते. फोन संपेपर्यंत रेडी दिवा विझला तो आजतागायत लागलेला नाही.

ही बॅटरी भरायचे काम इंजिन चालू असताना, आणि ब्रेक लावताना, गाडी स्वतः करते. इंजिनच बंद, तर भरणार कोण? ती घरातल्या चार्जरने भरता येत नाही, जंप केबलने तर नाहीच. त्यासाठी खास उपकरण आणि ते वापरायला शिकलेला माणूस लागतो, जास्त व्होल्टच्या नारिंगी तारांशी खेळ करण्याची जागा ती नव्हे. तेव्हा ‘ग्राहकाच्या वापरामुळे’ हे तुमचे शब्द परत घ्या. वापर तुमच्या माणसाचा होता.

आणि बॅटरीपेक्षा मोठी भीती वेगळी आहे. सिलेंडरमध्ये कूलंट साचलेले असेल तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. अशा वेळी जोर लागतो तो पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर आणि तो वाकतो. त्या सतरा प्रयत्नांनी तो वाकला असेल तर जो बिघाड हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलवर) निभावला असता, तो आता अख्ख्या इंजिनावर जाईल.

यानंतर मी बाहेरच्या एका अनुभवी मेकॅनिकला बोलावले. त्याने काहीही उघडले नाही, फक्त चार प्लग काढून आत बारीक कॅमेरा सोडला. तीन पिस्टनच्या माथ्यावर काळा कार्बन बसलेला, जसा इतक्या चाललेल्या इंजिनात असायला हवा तसा. पहिला पिस्टन मात्र घासून धुतल्यासारखा स्वच्छ. मग त्याने गार इंजिनाच्या कूलंटमध्ये हाताच्या पंपाने दाब भरून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी कॅमेऱ्यात त्या स्वच्छ माथ्यावर कूलंटचा गुलाबी थेंब जमलेला दिसला. हे दोन मिनिटांचे चित्रण तुमच्या ईमेलवर पाठवले आहे. ते अजून कोणी उघडून पाहिलेले दिसत नाही. मेकॅनिकच्या मते गळती हेड गॅस्केटमधून आहे किंवा ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणाऱ्या भागातून). नक्की कुठून ते उघडल्याशिवाय सांगणार नाही म्हणाला. तुमच्या तिघांपेक्षा मला त्याचे हे न सांगणे अधिक भरवशाचे वाटले.

वॉरंटीच्या कागदात ‘इंजिन व त्याचे अंतर्गत भाग’ असे शब्द आहेत. झीज होणाऱ्या भागांच्या यादीत वायपर, ब्रेक पॅड, टायर, फिल्टर, प्लग आहेत. हेड गॅस्केट नाही, ईजीआर कूलर नाही. यादी तुम्हीच छापलेली आहे.

तेव्हा मला पुढील गोष्टी हव्या आहेत. विक्रीपूर्व तपासणीचा स्कॅन अहवाल द्या, त्यात ८४,३०१ किंवा त्याआधी कोणते कोड होते ते दिसू द्या. मोठी बॅटरी तुमच्या खर्चाने, योग्य उपकरणाने भरा. त्याआधी कोणी बटण दाबणार नाही. चारही सिलेंडरची गळती-चाचणी करा, कूलंटमध्ये जळालेल्या वायूचा अंश येतो का ते तपासा, पहिल्या सिलेंडरचा रॉड वाकला आहे का ते मोजा, आणि हे सगळे मी हजर असताना, आकडे कागदावर लिहून. दुरुस्ती इंजिनाच्या खऱ्या कारणाची करा. रॉड वाकलेला निघाला तर मला दुरुस्ती नको, गाडी परत घ्या आणि पूर्ण रक्कम परत करा. आणि यापुढे माझ्या गाडीचे कोड माझ्या लेखी संमतीशिवाय कोणी पुसायचे नाहीत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहीन. फोनवरची उत्तरे मला यापुढे चालणार नाहीत. फोनवर तुमच्याकडे आतापर्यंत सहा जण माझ्याशी बोलले आणि सहाही वेळा मला पहिल्यापासून सगळे सांगावे लागले. पंधरा दिवसांनंतर हेच पत्र, सर्व फोटोंसह, ग्राहक तक्रार निवारणाच्या अधिकृत मार्गाने जाईल.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)

सोबत : स्कॅनरच्या पडद्याचे फोटो, डिलिव्हरी पावतीची प्रत, कूलंट टाकीचे सात फोटो, कॅमेरा तपासणीचे चित्रण, वॉरंटीची प्रत.

ता. क. : गाडी न्यायला माणूस पाठवाल तेव्हा सपाट बेडची व्हॅन पाठवा. मागच्या खेपेला तुमच्याकडून हुकची गाडी आली होती आणि ती मागची चाके उचलून ओढायला निघाली होती. मी आडवी उभी राहिले म्हणून थांबली. या गाडीची पुढची चाके जमिनीवर फिरली की आतली मोटर फिरते आणि वीज तयार करू लागते. हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढून नेण्याच्या प्रकरणात चित्रासह दिलेले आहे. मॅन्युअल गाडीच्या कप्प्यात आहे, हवे तर ड्रायव्हरला दाखवता येईल.